मालकाने मागच्या खोलीचे पत्रे काढले. आता भाडं बंद करायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या पेठेत वाड्यातल्या तीन खोल्या, आजोबांच्या नावाने चालत आलेली भाडेपावती, भाडं महिना 450 रुपये. मालकाने ‘पावसाळ्याआधी दुरुस्ती करून देतो’ असं सांगून मे महिन्यात मागच्या खोलीचे पत्रे उतरवले. आता चार महिने होत आले, पत्रे काही परत चढले नाहीत. खोलीत पाणी साचलं, गिलावा सुटला, आणि उतरवलेला सगळा राडारोडा संडासाकडे जाणाऱ्या बोळात टाकून ठेवलाय. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं: ‘बिल्डरशी बोलणं चाललंय, थोडं थांबा.’ शेजारी म्हणतात, भाडं बंद करा, आपोआप ताळ्यावर येईल. तसं करावं का?

करू नका. हा सल्ला देणारे शेजारी कोर्टात तुमच्यासाठी उभे राहणार नाहीत. आज कायद्याच्या दृष्टीने चूक मालकाची आहे. भाडं थांबवलं की खटल्याचा विषयच बदलतो. मग पत्र्यांबद्दल कुणी बोलत नाही, थकबाकीबद्दल बोलतात.

महाराष्ट्रात 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू आहे. त्याच्या कलम 15 प्रमाणे भाडेकरू कायदेशीर भाडं देतोय आणि द्यायला तयार आहे तोवर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. थकबाकी राहिली तर मालकाने लेखी नोटीस द्यायची आणि 90 दिवस थांबायचं. तरीही पैसे आले नाहीत तर तो दावा लावू शकतो. दाव्याचं समन्स मिळाल्यापासून पुढच्या 90 दिवसांत सगळी थकबाकी 15 टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरायची, शिवाय निकाल लागेपर्यंत भाडं नियमित भरत राहायचं, ही वाचण्याची शेवटची संधी. या मुदतीबाबत कोर्टं फारशी दयामाया दाखवत नाहीत. वर्षाचं भाडं 5,400 रुपये. एवढ्या रकमेपायी पेठेतली जागा घालवलेली माणसं मी लघुवाद न्यायालयाच्या (स्मॉल कॉजेस कोर्टाच्या) व्हरांड्यात पाहिली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची मूळ तक्रार अगदी खरी होती.

‘पण जी खोली वापरताच येत नाही तिचं भाडं का द्यायचं?’ हा मुद्दा रास्त आहे आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. सुरेंद्रनाथ बिब्रन विरुद्ध स्टीफन कोर्ट या 1966 च्या निकालात कलकत्त्याच्या एका फ्लॅटचा वाद होता. ठरलेल्या जागेपैकी एक बेडरूम मालकाने दिलीच नव्हती, म्हणून भाडेकरूचं म्हणणं होतं की सगळंच भाडं स्थगित झालं. न्यायालयाने ते मानलं नाही. जेवढी जागा तुमच्या उपभोगात आहे तेवढ्याचं प्रमाणशीर भाडं द्यावंच लागेल, आणि पूर्ण भाडं थांबवता येईल की प्रमाणात द्यायचं हे प्रत्येक प्रकरणाच्या परिस्थितीवर ठरेल, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे हक्क आहे, पण तो प्रमाणात कपात मागण्याचा. आणि ते प्रमाण ठरवायचं कोर्टाने. तीन खोल्यांतली एक गेली म्हणून तुम्ही घरबसल्या एक तृतीयांश कापलात आणि उद्या कोर्टाने ठरवलं की स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांचं मोल जास्त, तर कापलेल्या पैशांतला काही भाग थकबाकी ठरतो. 450 रुपये भाडं असताना हा धोका पत्करण्यात काहीच शहाणपण नाही. पूर्ण भाडं भरा, ‘हक्क राखून’ भरतोय असं लिहून भरा, आणि कपातीची मागणी दाव्यात करा. भाडं महिना 30,000 असतं तर हिशोब वेगळा झाला असता, पण तिथेही आधी वकिलाशी बसून आकडा ठरवायचा.

मालक भाडं घ्यायलाच टाळाटाळ करेल, हे धरून चाला. बिल्डरशी बोलणी चालू असताना पावती देणं कुणाला नको असतं. मनिऑर्डर करा. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेली मनिऑर्डर फेकू नका. भाडं द्यायला तुम्ही तयार होतात याचा याहून चांगला पुरावा नाही. बँकेत किंवा यूपीआयने भरत असाल तर शेऱ्यात महिना लिहा. मालकाने पैसे घेतले की पावती देणं त्याला कलम 31 ने बंधनकारक आहे, न दिल्यास दंड आहे.

आता मालकाची बाजू. कलम 14 स्पष्ट आहे: भाडेकरूने वेगळं काही कबूल केलेलं नसेल तर जागा राहण्याजोगी, चांगल्या स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची. तेव्हा जुना भाडेकरार घरात कुठे असेल तर आधी तो वाचा. ‘किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करायची’ असं वाक्य पुष्कळदा असतं. त्याचा अर्थ मालकाने स्वतः उतरवलेलं छप्पर तुम्ही चढवायचं असा होत नाही, पण समोरचा वकील ते वाक्य वाचून दाखवणारच.

याच कलमात पुढे म्हटलंय की मालकाला किमान 15 दिवसांची नोटीस द्या, तरी वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही तर स्वतः करा आणि खर्च भाड्यातून वळता करा. इथपर्यंत वाचून लोक खूश होतात. पुढची ओळ वाचत नाहीत: एका वर्षात वळती करायची किंवा वसूल करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. तुमचं वर्षाचं भाडं 5,400, चौथा हिस्सा 1,350. पत्रे, लोखंडी अँगल, मजुरी मिळून 30,000 खर्च आला असं धरलं तर तो वळता व्हायला 22 वर्षं लागतील! जुन्या भाड्याच्या जागांपुरतं हे कलम जवळजवळ दात पडलेलं आहे. वाड्यातले पाच-सहा भाडेकरू मिळून सामाईक छप्पर किंवा जिना दुरुस्त करत असतील तर मात्र प्रत्येकाने आपापल्या भाड्याच्या प्रमाणात कापायचं अशी सोय आहे, आणि खर्चाचा हिशोब व्हाउचरांसह ठेवला तर तो खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो, मालकावर बंधनकारक राहतो. म्हणून पत्रेवाल्याकडून कच्ची चिठ्ठी घेऊ नका, जीएसटीचं पक्कं बिल घ्या.

स्वतः दुरुस्ती करायची ठरवलीत तर एक पथ्य पाळा. जसं होतं तसंच करा. पत्र्याच्या जागी पत्रे, त्याच उंचीवर. ‘आता खर्च करतोच आहोत तर स्लॅब टाकून घेऊ’ हा मोह भल्याभल्यांना नडलाय, कारण मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम करणं हे कलम 16 खाली ताबा काढून घेण्याचं स्वतंत्र कारण आहे. लाकडी पार्टिशन, ओटा, फॉल्स सीलिंग यांसारख्या गोष्टी त्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत, स्लॅब वगळलेला नाही.

माझ्या मते तुमच्यासाठी खरा उपाय कलम 14 नसून दावा आहे, आणि तो लवकर लावायला हवा. पुण्यात भाडेकरू-मालक वाद लघुवाद न्यायालयात चालतात, मुंबईतही तसंच. जिथे असं न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायाधीशांकडे. दाव्यात मागायचं ते असं: मालकाने छप्पर पूर्ववत करून द्यावं असा आज्ञात्मक हुकूम, उरलेल्या खोल्यांना हात लावू नये अशी मनाई, आणि वापर बंद होता त्या काळाच्या भाड्यात कपात. निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही, म्हणून अंतरिम अर्ज. निकालाआधीच आज्ञात्मक हुकूम मिळणं अवघड असतं, पण दोराब वॉर्डन विरुद्ध कुमी वॉर्डन या 1990 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याचं सूत्र दिलं आहे: वाद उभा राहण्याआधीची शेवटची निर्विवाद स्थिती परत आणण्यासाठी असा हुकूम देता येतो. तुमच्या बाबतीत ती स्थिती म्हणजे एप्रिलमधली पत्रे असलेली खोली. दोन वर्षांनी गेलात तर पहिला प्रश्न येईल की इतके दिवस काय करत होतात.

आणि बोळ. बोळातल्या राडारोड्याकडे तुम्ही ‘त्रास’ म्हणून बघताय, मी तुमच्या हातातलं सर्वांत धारदार हत्यार म्हणून बघतो. कलम 29 प्रमाणे मालकाला योग्य कारणाशिवाय अत्यावश्यक पुरवठा किंवा सेवा तोडता किंवा रोखता येत नाही. पाणी, वीज, जिन्यातले आणि बोळातले दिवे, लिफ्ट आणि स्वच्छतेची सोय हे सगळं त्यात येतं. संडासाची वाट बंद करणं म्हणजे ती सोय रोखणंच, अशी मांडणी इथे करता येते. त्यासाठी कोर्टात वेगळा अर्ज करता येतो, अंतरिम हुकूम मागता येतो, आणि हुकूम मोडणाऱ्या मालकाला दर दिवसामागे दंड लागतो. दंडाचा आकडा किरकोळ आहे, पण हुकूम निघाला की बिल्डरही बिचकतो. कुठलाही बिल्डर कोर्टाचा हुकूम असलेल्या मिळकतीत सहजासहजी पैसे गुंतवत नाही.

वीज-पाण्याचं मीटर मालकाच्या नावावर असेल तर याच कलमात आणखी एक उपयोगी तरतूद आहे. भाडेकरू थेट महापालिकेकडे किंवा वीज कंपनीकडे अर्ज करू शकतो, मालकाचं ना हरकत पत्र मागण्याची गरज नाही. दिलीप विरुद्ध सतीश या 2022 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: वीज ही मूलभूत गरज आहे, मालक ना हरकत देत नाही एवढ्यासाठी भाडेकरूला ती नाकारता येणार नाही. कार्यालयातला कारकून ऐकत नसेल तर या निकालाची प्रत अर्जाला जोडा.

आता ज्या गोष्टीची मला तुमच्या पत्रात सर्वांत जास्त काळजी वाटली ती. तुम्ही लिहिलंय की मागच्या खोलीतलं सामान हलवून खोली ‘तशीच सोडून दिली’. सोडू नका. कलम 16 मध्ये आणखी एक कारण आहे: दाव्याच्या लगत आधी सलग सहा महिने जागा वाजवी कारणाशिवाय ज्यासाठी दिली त्यासाठी वापरली नाही, तर मालक ताबा मागू शकतो. तुमच्याकडे वाजवी कारण आहे, छप्परच नाही. पण ते कारण कागदावर नसेल तर मालक म्हणणार की पत्रे वाऱ्याने उडाले आणि यांना खोलीची गरजच नव्हती. दुसरीकडे तो असंही म्हणू शकतो की तुम्ही ती खोली आपणहून परत केली. तेव्हा दाराला तुमचं कुलूप असू द्या. आत चार पिंपं, जुनी ट्रंक, काहीतरी तुमचं असू द्या, वर निळी ताडपत्री टाका. ताडपत्रीच्या खर्चाचीही पावती ठेवा.

मालकाने तुमचं कुलूप तोडून स्वतःचं लावलं तर वाट बघू नका. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ अॅक्टच्या) कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावला तर मालकी कुणाची हा प्रश्न न काढता ताबा परत मिळू शकतो. त्याच दिवशी पोलीस चौकीतही जा. तिथे ‘हे दिवाणी आहे’ हे वाक्य ऐकायला मिळेलच. तरीही लेखी तक्रार द्या आणि पोहोच घ्या, कारण जायला-यायला अडवणं आणि कुलूप तोडून आत शिरणं हे भारतीय न्याय संहितेखाली गुन्हे आहेत, आणि तारखेची ती पोहोच पुढे दिवाणी कोर्टातच कामाला येते.

कागदांचं सांगतो, कारण असे दावे तिथेच जिंकले-हरले जातात. मागची खोली तुमच्याच भाड्यात होती हे सिद्ध कसं कराल? जुन्या पावतीवर बहुधा नुसतं ‘खोल्या’ लिहिलेलं असतं, किती ते नाही. महापालिकेच्या मिळकतकर खात्यातून करआकारणीचा उतारा काढा. जुन्या वाड्यांच्या आकारणीत भोगवटादाराचं नाव आणि जागेचं वर्णन असतं. सहज मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. जुनं वीजबिल, रेशनकार्ड, त्या खोलीत काढलेला लग्नाचा किंवा बारशाचा फोटो ज्यात वर पत्रे दिसतायत, हे सगळं काढून ठेवा. आजचे फोटो आणि व्हिडिओ ज्या फोनवर काढलेत तो फोन विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ उपकरण हाताशी असलं की बरं पडतं. दावा लागताच कोर्ट कमिशनर नेमून स्थळपाहणीचा अर्ज द्यायला वकिलाला सांगा. कमिशनरने टेप लावून खोली मोजली आणि बोळाचा नकाशा काढला की त्यावर वाद घालणं मालकाला जड जातं.

1999 च्या कायद्यातलं कलम 55 फार थोड्या भाडेकरूंना माहीत असतं. या कायद्यानंतरचा भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि करार नोंदवलेला नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. तुमची जागा त्याआधीची, म्हणून तुम्हाला थेट लागू नाही. पण 2000 नंतर आलेल्या शेजाऱ्यांना जरूर सांगा.

सगळ्याची सुरुवात नोटिसीने. वकिलाकडून पाठवा किंवा स्वतः लिहा, भाषा साधी चालते. मी अशा वेळी मजकूर साधारण असा ठेवतो: ‘आपण दि. अमुक रोजी माझ्या भाड्याच्या जागेतील मागील खोलीवरील पत्रे दुरुस्तीचे कारण सांगून काढले. ते आजतागायत बसवलेले नाहीत. त्यामुळे सदर खोली वापरता येत नाही. खोलीचा ताबा माझ्याकडेच आहे व मी तो सोडलेला नाही. राडारोडा टाकून आपण संडासाकडे जाणारी वाट बंद केली आहे. ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत छप्पर पूर्ववत करावे व वाट मोकळी करावी. मी भाडे नियमित देत आहे व देण्यास तयार आहे.’ बस. ‘मानसिक छळ’, ‘कटकारस्थान’ वगैरे घालू नका. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिसळून टाकलंय, तेव्हा स्पीड पोस्टने पोहोच-पावतीसह पाठवा आणि तोच मजकूर व्हॉट्सअॅपवरही टाका. पावती अजून आजोबांच्या नावाने आहे म्हणता; तर नोटिसीत एक ओळ घाला की आजोबा गेले तेव्हा कुटुंबीय म्हणून तुम्ही त्यांच्यासोबत तिथेच राहत होता आणि तेव्हापासून भाडं तुम्हीच देताय. ही ओळ गाळलीत तर मालकाचं पहिलं उत्तर असेल, ‘तुम्ही कोण?’

वाड्यांच्या बाबतीत पुढची चाल मी अनेकदा पाहिली आहे, म्हणून आधीच सांगतो. छप्पर काढून दोन पावसाळे भिंती भिजू द्यायच्या आणि मग ‘वाडा धोकादायक आहे’ असा अर्ज महापालिकेत करायचा. महापालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली नोटीस येते. ती आली म्हणून घाबरून सामान बांधू नका. त्या कलमात फक्त पाडणं नाही, आधार देणं आणि दुरुस्त करणंही आहे. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्वतःचा अहवाल घ्या आणि दुरुस्तीने वाडा टिकतो असं त्यात असेल तर तो मुदतीत दाखल करा. अर्थात अहवाल खरंच वाईट आला तर माणसं आधी बाहेर काढा, हक्काचं नंतर बघता येतं. बघता येतंच, कारण इमारत पडली म्हणजे भाडेकरूपण संपलं असं होत नाही. शहा रतनसी खिमजी प्रकरणात 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निःसंदिग्धपणे सांगितलं आहे.

हे सगळं जुन्या भाडेकरूंचं झालं. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी कलम 14 च्या भरवशावर राहू नये, ते ‘भाडेकरू’साठी आहे. त्यांना आधार कराराचा आणि 1882 च्या सुविधाधिकार अधिनियमाचा (ईझमेंट्स अॅक्टचा). त्यातलं कलम 58 सांगतं की परवाना (म्हणजे लायसन्स) देणाऱ्याने जागा धोकादायक होईल असं काही करायचं नाही, आणि कलम 64 प्रमाणे मोबदला घेऊन दिलेल्या परवान्याची मुदत संपण्याआधी, तुमची चूक नसताना बाहेर काढलं तर भरपाई मागता येते. बाथरूम फोडून ठेवलं, एक बेडरूम मालकाच्या सामानाने भरली, अशा वेळी लेखी कळवून भाड्यात कपात ठरवून घ्या, नाहीतर करारातल्या नोटिसीप्रमाणे बाहेर पडा. मुदत संपल्यावर अडून बसू नका. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 प्रमाणे दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. दरवर्षी व्हॉट्सअॅपवर ‘नवा भाडे कायदा’ फिरतो, त्यातला बराचसा मजकूर केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडे कायद्यातून उचललेला असतो. तो राज्यांसाठी नमुना होता. महाराष्ट्रात चालतो तो 1999 चाच. गोव्यातल्या वाचकांचा कायदा 1968 चा, वेगळाच.

शेवटी तुमच्याकडे लवकरच येणाऱ्या कागदाबद्दल. नोटीस गेली की मालक किंवा बिल्डरचा माणूस गोड बोलत येईल आणि ‘दुरुस्तीसाठी खोली तात्पुरती खाली करतो’ अशा चिठ्ठीवर सही मागेल. दुरुस्तीसाठी जागा खरंच रिकामी करावी लागत असेल तर मालकाने कोर्टात जायचं असतं, आणि त्या मार्गाने गेलेल्या भाडेकरूला काम संपल्यावर परत ताबा मिळण्याची सोय कायद्यातच आहे. साध्या चिठ्ठीत ती नसते. पुनर्विकासाचं बोलणं असेल तर मिळणारी जागा आज ताब्यात असलेल्या चटई क्षेत्रावर ठरते, आणि दोन खोल्या व तीन खोल्या यांतला फरक नव्या फ्लॅटमध्ये एका अख्ख्या खोलीचा असू शकतो. तेव्हा सही करायचीच तर नोंदणीकृत करारावर, आणि त्याला जोडलेल्या नकाशात मागच्या खोलीची लांबी-रुंदी आकड्यांत लिहिलेली असेल तरच.